आदेरितोला घरी जायचंय

फोन्ते सेका, ३ नोव्हेंबर

सेलिया,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. लहानपणी दर शनिवारी तुला रडवत पोर्तुगीजच्या वर्गाला ओढून नेत होते. त्याचा असा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. माझं अक्षर लागत नसेल तर शांतपणे वाच. फाडून टाकू नकोस.

आम्ही नीट पोचलो, नीट आहोत. घर उघडलं तेव्हा वरच्या मजल्यावर गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं, ते काढलं. सगळ्या खोल्या झाडून घेतल्या. तुझी खोली, नातीची म्हणून लानाची खोली, आणि ती तिसरी, जी बाबांनी कुणासाठी बांधली ते त्यांनाच ठाऊक. दर ऑगस्टला सुट्टीत आले की एक भिंत उभी करायची, असं करत करत झालेलं घर. त्याला माप कुठून असणार.

इथे बरं आहे. चेस्टनट पडायला लागलेत. हवा कोरडी आहे, माझे गुडघे तिकडे लक्झेंबर्गात, एशमध्ये दुखायचे तसे दुखत नाहीत. सकाळी पावाची गाडी हॉर्न वाजवत येते, आम्ही बायका शाली गुंडाळून धावतो. काल मृतांचा दिवस होता. सगळं गाव कबरस्तानात, थडग्यांवर शेवंतीचे ढीग. पलीकडच्या घरातली झुल्मिरा म्हणाली, "बघ लिंदा, इथे वर राहणाऱ्यांपेक्षा खाली राहणारे जास्त झाले." ती अजून तशीच आहे.

बाबा संध्याकाळी नोर्बेर्तोच्या बारमध्ये जातात. तिथे रोज एकच वाद. नोर्बेर्तो कधी देशाबाहेर गेला नाही, त्यामुळे त्याला सगळ्या देशांची माहिती. तो म्हणतो, "तिकडे पैसा असेल, पण माणूस माणसाला ओळखत नाही." बाबा म्हणतात, "अरे, म्हणूनच तर आलो." मग सगळे खूश.

सकाळी बाबा अजून अंधारातच उठतात. कामाचे बूट घालून पायरीवर बसतात. परवा मी विचारलं, "कुणाची वाट बघतोस?" म्हणाले, "साइटच्या गाडीची. आज उशीर केला त्यांनी." मी हसले. मग तेही हसले. इतक्या वर्षांची सवय, जाईल हळूहळू.

तू माझ्यावर रागावली आहेस ते मला समजतं. तुझी पहाटे बस चालवायची पाळी असताना लानाला कुणी सांभाळायचं, हे तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा विषय बदलला. पण बाबांना निवृत्त झाल्यावर एक दिवसही तिथे थांबायचं नव्हतं. आणि इथे खरंच बरं आहे.

आई


फोन्ते सेका, १९ जानेवारी

सेलिया,

कार्ड मिळालं. लानाने काढलेला प्राणी आम्हाला ओळखता आला नाही. बाबा म्हणतात गाढव आहे, मी म्हणते बस आहे. खाली तुझी ओळ: 'तुम्हाला तिथे जास्त बरं वाटत असेल अशी आशा आहे.' एवढंच. तरी लिहिलंस, बरं वाटलं.

तर ऐक, जास्त बरं काय आणि कमी काय. लक्झेंबर्गात थंडी बाहेर असते, इथे ती घरात असते. बाबांनी जमिनीला संगमरवर घातला, जिन्याला संगमरवर घातला, बाहेरून सगळ्या भिंतींना चकचकीत टाइल्स लावल्या, आणि हीटर बसवायचं राहिलं. ऑगस्टमध्ये बांधणाऱ्या माणसाला जानेवारी कुठून आठवणार? आम्ही दोघं स्वयंपाकघरात चुलीपाशी राहतो. बाकीचं घर बंद. झोपायला जाताना मी ओव्हरकोट घालते. हसू नकोस. खरं तर हस.

पण कोबीचं सूप, धुरावलेलं सॉसेज, झुल्मिराने दिलेली अंडी, यातलं काही तिथे नव्हतं. इथे दार वाजवून कुणी येत नाही, सरळ आत येतं. एशच्या जिन्यात आपल्या समोर राहणाऱ्या बाई वारल्या हे आपल्याला पत्रपेटीवरचं नाव बदललं तेव्हा कळलं होतं. आठवतं?

गेल्या आठवड्यात झुल्मिराकडे डुक्कर कापलं. बाबांना गावी परतले म्हणून सुऱ्याचा मान दिला. ते सुरा हातात धरून उभेच राहिले. मग तिच्या जावयाने पुढे होऊन काम उरकलं. बाबांचे हात गारठले होते, दुसरं काही नाही. त्याच दिवशी ते झुल्मिराशी फ्रेंचमध्ये बोलले. ती म्हणाली, "लिंदा, तुझा नवरा मला तिकडचा मुकादम समजला की काय?" सगळे खूप हसले.

आणखी एक, तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून सांगते. चेस्टनटच्या राईतून येताना ते वाट चुकले. मेंढपाळाने आणून सोडलं. धुकं फार होतं. डोळे तपासायला हवेत, पण तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात सध्या डॉक्टर नाही. येणार म्हणतात.

लानाला सांग, आम्हाला कळलं, ती बसच आहे.

आई


फोन्ते सेका, २० एप्रिल

सेलिया,

डोळ्यांचं नाही ते. मला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं. कदाचित एशमध्येच ठाऊक होतं, पण तिथे तुझे बाबा ठरलेल्या वेळी ठरलेल्या गाडीत बसत आणि ठरलेल्या वेळी परत येत. माणूस रुळावर चालत असला की बाकीचं दिसत नाही.

ईस्टरच्या दिवशी पाद्री घरोघर क्रूस घेऊन आले. मी टेबलावर चांगली चादर घातली, मांस घातलेला पाव कापून ठेवला. बाबा सूट घालून बसले होते, इतके देखणे दिसत होते. लोक गेल्यावर मला जवळ बोलावून हळूच म्हणाले,

"लिंदा, आता निघायला हवं. घरी कधी जायचं?"

"अरे, घरीच आहोत."

"हे कुणाचं घर?"

"तुझं. तू बांधलंस."

त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. उठून भिंतीवरून हात फिरवला, जिन्याच्या कडेला बोट लावून पाहिलं. "काम चांगलं केलंय," म्हणाले. "मालक पैसेवाला दिसतो. पण हौशी नाही, नाहीतर हीटर घातला असता." मग परत बसले. "पण आपण यांच्याकडे राहायचं तरी किती दिवस? लोक काय म्हणतील?"

मला आधी हसू आलं, सेलिया. नंतर मी गोठ्यात जाऊन बसले. गोठा रिकामाच आहे.

आता रोज संध्याकाळी हेच. उन्हं कलली की त्यांना घरी जायचं असतं. फोन्ते सेकाला. मी म्हणते हेच फोन्ते सेका. ते माझ्याकडे असं बघतात की मी त्यांना फसवते आहे. परवा म्हणाले, "इतकी वर्षं माती उचलली, ती काय परक्याच्या घरात मरायला?"

हे वाचून लगेच फोन करू नकोस. फोनची घंटा वाजली की ते दचकतात. त्यांना वाटतं साइटवर कुणी पडलं.

आई


फोन्ते सेका, १२ जून

बाळा,

तू फोन केलास तेव्हा मला बोलता आलं नाही. ते शेजारीच बसले होते आणि मी रडत होते हे त्यांना दिसायला नको होतं. तू आरडाओरडा केलास तेही बरं केलंस.

जिल्ह्याला जाऊन आलो. नोर्बेर्तो बारसोबत गावची टॅक्सीही चालवतो, त्यानेच नेलं. तरुण डॉक्टरीणबाई चांगली होती. तिने आजाराचं नाव सांगितलं, ते तुला ठाऊकच आहे. गोळ्या दिल्या, आणि म्हणाली घरी कुणीतरी मदतीला हवं. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, तेच तर. खालच्या गावात वृद्धांसाठी चर्चची एक जागा आहे. तिथे नाव घातलं. तिथली बाई म्हणाली, इथला कुणीतरी देवाघरी गेल्याशिवाय पलंग रिकामा होत नाही. आता मी चर्चची घंटा वाजली की कोण गेलं ते विचारते. मला माझीच लाज वाटते.

तू म्हणतेस, इकडे आणा, इथे रोज सकाळी घरी माणूस येईल, आंघोळ घालेल, बाबांनी आयुष्यभर त्यासाठी पैसे भरलेत, त्यांचा हक्क आहे. खरं आहे. तिथली व्यवस्था मी नाकारत नाही. पण परवा ते पायजम्यावर डांबरी रस्त्याला लागले, तर मेंढपाळाने त्यांना गप्पा मारत मारत परत वळवलं. पावाच्या गाडीवाला त्यांना पुढे बसवून आणतो. झुल्मिराने तर एकदा, "आदेरितो, माझ्या भिंतीला भेग पडलीय, बघतोस का?" असं म्हणून त्यांना दुपारभर अडकवून ठेवलं. भेग बिग काही नाही. एशमध्ये त्यांना कोण आणून सोडेल? पोलीस. आणि फ्रेंचमध्ये विचारतील, तुमचा पत्ता काय.

तू म्हणालीस, "आई, ही तुलना करत बसायची वेळ आहे का?" अगं, या घरात दुसरं काय केलं आम्ही? तिथे असताना इथलं ऊन आणि इथे आल्यावर तिथला पगार. जेवणाच्या टेबलावर हाच तिसरा माणूस बसलेला असायचा.

नोर्बेर्तोने एक युक्ती काढली आहे. संध्याकाळी बाबा दाराशी उभे राहिले की तो टॅक्सी घेऊन येतो. आम्ही दोघं मागे बसतो. तो टेकडीला वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने, चॅपेलच्या बाजूने परत आणतो. मग "चला, आलं फोन्ते सेका!" असं ओरडतो. बाबा उतरतात, घराकडे बघतात, एवढा मोठा श्वास सोडतात. म्हणतात, "आलो एकदाचे. लिंदा, खिडक्या उघड." मी खिडक्या उघडते. त्या रात्री ते शांत झोपतात. दुसऱ्या संध्याकाळी परत तेच. नोर्बेर्तो पैसे घेत नाही. म्हणतो, "लक्झेंबर्गहून इथवर आणायचं भाडं तुला परवडणार नाही."

म्हणून म्हणते, सध्या इथेच राहू दे. त्यांनी हेच मागितलं होतं.

आई


फोन्ते सेका, १६ ऑगस्ट

सेलिया, घाईत लिहिते.

काल उत्सव होता. सगळे आलेत, गाव गाड्यांनी भरलंय. अर्ध्या गाड्या फ्रान्सच्या, काही लक्झेंबर्गच्या. मिरवणुकीत बाबांचा हात माझ्या हातातून सुटला. बँड वाजत होता, हाका मारून उपयोग नव्हता. सगळीकडे शोधलं. शेवटी बेल्मिरोच्या गाडीत सापडले. बेल्मिरो, एशजवळच्या डिफेरडांजचा, बाबांच्या हाताखाली सेंट्रिंग शिकलेला. गाडीची तिथली पिवळी नंबरप्लेट बघून बसले असणार. पट्टा लावला होता, मांडीवर कोट घडी करून ठेवला होता.

उतरेनात. पाद्री आले, नोर्बेर्तो आला, झुल्मिराने कोकराचा तुकडा आणून खिडकीतून दाखवला. बाबा म्हणाले, "आभारी आहे. पण आम्हाला लांब जायचंय. ऑगस्ट लागला, सगळे गावी गेले, आम्हीच राहिलो." नोर्बेर्तो म्हणाला, "आदेरितो, ये माझ्या टॅक्सीत, मी सोडतो." बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू रोज गोल फिरवून परत आणतोस. मला कळतं."

नोर्बेर्तो बारमागे जाऊन उभा राहिला. बराच वेळ आला नाही.

मग बेल्मिरो माझ्यापाशी आला. एवढा मोठा बाप्या, डोळे पुसत होता. म्हणाला, "लिंदाताई, मी रविवारी निघतोय. मागची सीट रिकामी आहे. बसू दे त्यांना. खरंच नेतो."

मी हो म्हणाले. तू तिथल्या मदतीच्या माणसांशी बोलून ठेव. लानाच्या खोलीत जमिनीवर झोपेन, पलंग काढू नकोस.

आई


फोन्ते सेका, ८ फेब्रुवारी

सेलिया,

तू परत रागावली असशील. पाइप फुटला, घर बघून येते, असं सांगून निघाले आणि इथे येऊन फोन बंद ठेवला. पाइप फुटलेलाच नाही. कुठून सुरुवात करू ते कळत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

वाटेत ते किती खुशीत होते हे मी तुला सांगितलं होतं. स्पेन संपला, फ्रान्स लागला, उत्तरेला चाललो होतो आणि ते बेल्मिरोला म्हणत होते, "आता डोंगर दिसायला लागतील बघ." मग एशला तुझ्या दाराशी उतरलो. ते लाल मातीचे ढिगारे बघून म्हणाले, "आलो एकदाचे." मी खिडक्या उघडल्या. आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्याही नाही. आपण दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना धरून रडलो, वर्षभरात पहिल्यांदा. मला वाटलं, संपलं सगळं भांडण.

मग डिसेंबरात त्यांना एशच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली. तिथलं काही वाईट सांगायला मला जमणार नाही. उबदार खोली, स्वच्छ चादरी. सूप भरवणारी ती आपल्याकडच्या शाव्हेस गावची मुलगी त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलते. इथे मी त्यांना ओव्हरकोटात झोपवत होते, तिथे ते सदऱ्यावर बसतात, गाल भरलेत. जो देश त्यांना कधी आपला वाटला नाही, त्यानेच त्यांना सांभाळलं. आणि तो आपलं गाव आहे असं समजून ते तिथे सुखाने बसलेत. मी ते बघत होते आणि म्हणत होते, चालेल. असंही चालेल.

मी निघायच्या आधीच्या मंगळवारी तू दुपारच्या पाळीला होतीस. मी नेहमीसारखी बसने गेले. ते खिडकीशी बसले होते. मी आत गेले तसे उठून उभे राहिले. माझ्यासाठी कधी उठून उभे राहिलेत का ते? म्हणाले,

"या बाई, बसा. तुम्ही कुणाकडच्या?"

मला 'तुम्ही' म्हणाले, सेलिया.

मी म्हटलं, "मी एर्मेलिंदा."

"काय सांगता! माझ्या बायकोचंही तेच नाव. ती इथे नाही. लक्झेंबर्गला असते. ऑफिसांची साफसफाई करते. ऑगस्टला येईल."

मी खुर्चीत बसले. आणि काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "कशी आहे हो तुमची बायको?"

त्यांनी विचार केला. तुला ठाऊक आहे, ते कधी पटकन बोलत नाहीत. म्हणाले, "कष्टाळू आहे. तोंडाने बरी आहे, हसते फार." मग आवाज उतरवून, जशी गुपितं सांगतात तसं म्हणाले, "तिला इथे यायचंच नाहीये, बाई. मनातून नाही. तिची मुलगी तिकडे आहे, नात आहे. तिला तिथला बाजार आवडतो, तिथली बस आवडते. ती बोलत नाही, पण मला माहीत आहे."

"मग तुम्ही तिला विचारलंत का?"

"नाही. विचारलं असतं तर ती खरं बोलली असती. मग एवढं मोठं घर बांधून मी काय केलं असतं?"

मग मला विचारलं, चहा घेणार का. अनोळखी बाईला विचारतात तसं, आदबीने.

मी तिथून उठले ती तुझ्या घरी येऊन पिशवी भरली. मला त्यांचा राग आला नव्हता. म्हणजे आला होता, पण राग धरायला समोर माणूस कुठे होता? मला एवढंच कळलं होतं की मी ज्याच्यापासून लपवत होते, त्याला सगळं ठाऊक होतं. आणि जिच्यापासून लपवायला नको होतं ती तू, तुला मी इथलं ऊन आणि अंडी आणि गुडघे लिहून पाठवत होते. माझे गुडघे इथे जास्त दुखतात, सेलिया. पहिल्या आठवड्यापासून.

मला जायचं नव्हतं. तुझ्या पहाटेच्या पाळीला लानाच्या वेण्या घालायच्या होत्या. मंगळवारच्या बाजारात फिरायचं होतं. त्या देशात मी परक्यांच्या टेबलाखालची धूळ पुसली, तरी महिन्याचा शेवटचा रविवार माझा होता, माझी बस होती, माझा डॉक्टर होता, माझी तू होतीस. फोन्ते सेका त्यांचं होतं. मी फक्त ऑगस्टपुरती तिथली होते.

इथे आल्यावर आठवडाभर मी काहीच केलं नाही. चुलीपाशी बसले. झुल्मिरा रोज येऊन सूप ठेवून गेली. काल नोर्बेर्तो आला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "कसा आहे तो?" मी म्हटलं, "घरी पोचलाय." त्याने टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "आणि तू?"

मी त्याला चहा दिला.

पण तो गेल्यावर मी वरच्या मजल्यावर गेले. तिन्ही खोल्यांच्या खिडक्या लावल्या, वरचं पाणी बंद केलं, झुल्मिराला दुसरी किल्ली दिली. ती म्हणाली, "कधी येशील परत?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "खोटं बोलायला पण तुला येत नाही." आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. थंडी इतकी होती की रडताही येईना.

मी पुढच्या बुधवारच्या गाडीने निघते, शुक्रवारी पोचेन. तुझी पहिली पाळी असेल तर किल्ली खालच्या मजल्यावरच्यांकडे ठेव आणि लानाला सांग, शनिवारपासून वेण्या मी घालणार. मला ओरडायचं असेल तर ओरड, पण मी जेवल्यावर.

आणि तिथे जाऊन त्या शाव्हेसच्या मुलीला समजावून सांग. त्यांना माझी ओळख पटवून द्यायची नाही. मी आत गेले की 'बघा, तुमची बायको आली' असं ती उत्साहाने म्हणते, ते बंद करायला सांग. ते गोंधळतात, आणि मग त्यांचं तोंड पडतं. आता रोज दुपारी त्यांच्याकडे गावातली एक बाई येईल. पलीकडच्या गल्लीतली. ती बसेल, त्यांच्या बायकोची विचारपूस करेल, आणि ते जे सांगतील ते ऐकून घेईल.

आई